एकच गाणं, पण पक्कं: नव्या बँडनं पहिलं सिंगल कसं काढावं

बँड जमला, तीन-चार गाणी स्वतःची झाली, गॅदरिंगमध्ये टाळ्या पडल्या की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: आता अल्बम काढायचा का? नागपूरजवळच्या खापरखेडा, सिल्लेवाडा, वलनी, कोराडी या पट्ट्यातल्या एखाद्या नव्या बँडनं हे विचारलं, तर माझं उत्तर एकच आहे. अल्बम थांबू द्या. आधी एक गाणं काढा आणि ते सगळ्या बाजूंनी पक्कं करून काढा.

पक्कं म्हणजे काय? टेक स्वच्छ हवा. गाणं कोणाचं आहे ते कागदावर हवं. तारीख आधी ठरलेली हवी. आणि ते सगळ्यांत आधी कोण ऐकणार, हे तुम्हाला माहीत हवं. बहुतेक बँड सगळी ताकद पहिल्या गोष्टीत घालतात आणि उरलेल्या तीन रिलीजच्या आदल्या रात्री उरकतात. मग चांगलं गाणंही आठवडाभरात विरून जातं. हा लेख त्या उरलेल्या तीन गोष्टींसाठी जास्त आहे.

एकच का

अमेरिकेत आरसीए व्हिक्टर कंपनीनं १९४९मध्ये मिनिटाला ४५ फेरे घेणारी छोटी तबकडी आणली आणि सिंगल घरोघरी पोचलं. तबकडी काढणं मात्र कंपन्यांच्याच हातात होतं. जानेवारी १९७७मध्ये मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडनं ओळखीच्यांकडून सुमारे ५०० पौंड उसने घेतले, चार गाणी रेकॉर्ड केली आणि ‘स्पायरल स्क्रॅच’ ही छोटी तबकडी स्वतःच्याच लेबलवर काढली. पहिल्या खेपेला प्रती होत्या १,०००. लंडनच्या कंपनीची वाट न पाहताही गाणं लोकांपर्यंत नेता येतं, हे त्यांनी दाखवलं. पुढची इंडी रॉकची सगळी परंपरा त्या धाडसावर उभी आहे.

आपल्याकडे मुंबईच्या रॉक मशीननं १९८०च्या दशकात परदेशी बँडची गाणी वाजवत सुरुवात केली. त्यांचं नाव झालं ते स्वतःची गाणी लिहायला लागल्यावर. पुढे बँडचं नाव इंडस क्रीड झालं आणि ‘प्रिटी चाइल्ड’च्या व्हिडिओनं त्यांना एमटीव्हीवरून देशाबाहेर नेलं. मराठीत तर ताजं उदाहरण आहे. जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडनं स्वतः लिहिलेलं, स्वतः चाल दिलेलं आणि स्वतः गायलेलं ‘गुलाबी साडी’ २०२४च्या सुरुवातीला आलं आणि महाराष्ट्राबाहेरही वाजलं. ते रॉक नाही, पण धडा आपल्या कामाचा आहे: मागे चित्रपट नसताना, राजधानीचा पत्ता नसताना, एका मराठी गाण्याला वाट मिळू शकते.

एका गाण्याचा व्यवहारी फायदाही मोठा. पाच गाण्यांना पुरणार नाहीत इतके पैसे एका गाण्याला पुरतात. चूक झाली तर ती एकाच गाण्यापुरती राहते. आणि दुसरं गाणं काढताना तुम्ही नवखे राहत नाही.

कोणतं गाणं

बँडमधल्या सगळ्यांना वाजवायला मजा येते म्हणून गाणं निवडू नका. ड्रम, डिस्टॉर्शन, कीबोर्ड सगळं बाजूला ठेवा. एक साधी गिटार आणि एक आवाज. तेवढ्यावर गाणं उभं राहिलं तर ते पहिलं सिंगल. उभं राहिलं नाही तर त्याला अजून वेळ द्या.

सुरुवात आटोपशीर ठेवा. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकल्यावरच ‘स्ट्रीम’ मोजला जातो. चाळीस सेकंदांची गिटारची प्रस्तावना मंचावर छान वाटते. फोनवर ऐकणारा अनोळखी माणूस तेवढा थांबत नाही. मंचासाठी लांब रूप ठेवा, सिंगलसाठी आवाज लवकर येऊ द्या.

शब्द तुमच्याच मातीतले ठेवा. ज्या गावात वीज केंद्राच्या चिमण्या दूरवरून दिसतात, ज्या घरांत बाप रात्रपाळी करून सकाळी झोपतो, राखेचे तलाव आणि खाणीचे भोंगे ज्यांनी लहानपणापासून पाहिले-ऐकले, त्यांच्याकडे लिहायला जे आहे ते मुंबई-बेंगळुरूच्या बँडकडे नाही. नागपुरी बोलीत लिहायची लाज बाळगू नका. ताल शोधायचा असेल तर राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजेरी भजनाचा ठेका गावोगावच्या कानात बसलेला आहे. झाडीपट्टीची दंडार आहे, खडी गंमत आहे. मुंबईचा अभंग रिपोस्ट हा बँड अभंगाला गिटार-बेसची साथ देतो. कबीर शाक्य यांच्या धम्म विंग्जनं बुद्ध-आंबेडकरी विचार रॉकमध्ये आणला. दीक्षाभूमीच्या जिल्ह्यात राहणाऱ्या बँडला ही दोन्ही उदाहरणं जवळची वाटायला हवीत.

रेकॉर्डिंग: खोली, वीज, ऊन

एका गाण्यासाठी सगळं स्टुडिओत करण्याची गरज नाही. ड्रम घरी नीट रेकॉर्ड होत नाहीत, कारण त्यांना खोली लागते, बरेच माइक लागतात. म्हणून नागपुरात एक दिवस स्टुडिओ घ्या, तो फक्त ड्रमसाठी. त्याआधी सगळं गाणं क्लिकवर बसवून ठेवा, गती लिहून ठेवा आणि अंदाजानं रेकॉर्ड केलेली गिटार-आवाजाची गाइड सोबत न्या. बेस, गिटार आणि गाणं घरी करता येतं. एक ऑडिओ इंटरफेस, एक बऱ्यापैकी माइक आणि जाड रजया टांगलेली खोली पुरते.

घरच्या रेकॉर्डिंगचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे विजेची घरघर. आपला वीजपुरवठा ५० हर्ट्झचा. बेस गिटारच्या सगळ्यात जाड तारेवर तिसऱ्या पट्टीत बोट ठेवलं की जो खालचा जी वाजतो, तो ४९ हर्ट्झचा. घरघरीचा दुप्पट सूर १०० हर्ट्झवर, आणि त्या जीचा वरचा सप्तक ९८वर. म्हणजे गाणं जी स्वरात असेल तर घरघर बेसच्या आड लपते, वाजवताना कळत नाही, आणि जिथे सगळी वाद्यं थांबतात नेमकी तिथे उघडी पडते. म्हणून टेक घेण्याआधी कोणीही काही न वाजवता ३० सेकंद रेकॉर्ड करा आणि हेडफोनवर आवाज वाढवून ऐका. घरघर आली तर एकेक गोष्ट तपासा. सगळी यंत्रं अर्थिंग असलेल्या एकाच बोर्डवर लावा. लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. ट्यूबलाइट आणि पंख्याचा रेग्युलेटर बंद करा. सिंगल कॉइल पिकअपची गिटार असेल तर बसण्याची दिशा बदला, एका कोनात घरघर खूप कमी होते. विजेची वायर आणि गिटारची केबल शेजारी-शेजारी नेऊ नका. घरघर जाते म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणारे लोक भेटतील. ते कधीही करू नका, त्यात जिवाला धोका आहे.

दुसरी अडचण उन्हाची. मे महिन्यात नागपूरकडे पारा ४५च्या पुढे जातो. तारा उतरतात, गिटारची मान हलते. कूलर लावला तर त्याचा आवाज माइकमध्ये येतो आणि त्याची ओल लाकडात मुरते. म्हणून गाण्याचे टेक हिवाळ्यात ठेवा. उन्हाळ्यातच करायचे असतील तर पहाटे करा, कूलर बंद ठेवा, आणि प्रत्येक टेकआधी सूर जुळवा. राखेची बारीक धूळ जॅक आणि फेडरमध्ये शिरते. काम झालं की यंत्रांवर कापड टाकायची सवय लावा.

आणि शेजारी. वसाहतीत कोणाच्या ना कोणाच्या घरी रात्रपाळीचा माणूस दिवसा झोपलेला असतो. प्रॅक्टिसची वेळ आजूबाजूच्या चार घरांना विचारून ठरवा. हीच चार घरं पुढे तुमचे पहिले श्रोते होणार आहेत.

मिक्स करणाऱ्याला प्रत्येक ट्रॅक वेगळा, नाव लिहून, सुरुवातीच्या शून्य क्षणापासून बाउन्स करून द्या. मिक्स आला की फोनच्या स्पीकरवर, मोटारीत, स्वस्त इअरफोनवर ऐका. मास्टर खूप जोरात करून घेण्याचा हट्ट धरू नका. स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण उणे १४ एलयूएफएस (आवाजाच्या जोराचं माप) या पातळीवर आणून वाजवतं. जास्त दाबलेलं गाणं तिथे खाली उतरवलं जातं आणि त्याचा दम जातो.

आधी कागद

बँड मोडण्याचं एक मोठं कारण पैसा. आणि पैसा येण्याआधीच बोलणं सोपं असतं. म्हणून गाणं अपलोड होण्याआधी सगळ्यांनी एका टेबलाभोवती बसायचं आणि एक पान लिहायचं.

भारतीय कॉपीराइट कायदा १९५७चा. त्याप्रमाणे एका गाण्यात तीन वेगळ्या मालमत्ता आहेत: शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. शब्दांचा मालक लिहिणारा, चालीचा मालक संगीत करणारा. ध्वनिमुद्रणाचा मालक मात्र ‘निर्माता’, म्हणजे ते करून घेण्यासाठी ज्यानं पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो. इथेच नवे बँड फसतात. एखाद्या मित्रानं स्टुडिओचे पैसे भरले, एखाद्या हितचिंतकानं ‘मी बघतो सगळं’ म्हटलं, आणि कागद नसला, तर उद्या रेकॉर्डिंग आपलं असल्याचा दावा तो करू शकतो. पैसे घ्यायला हरकत नाही. फक्त ते उसने आहेत, भेट आहेत की हिस्सा आहे, हे त्याच दिवशी लिहा.

पानावर एवढं हवं: गाण्याचं नाव, तारीख, शब्द कोणाचे, चाल कोणाची, प्रत्येकाचा टक्का, रेकॉर्डिंगची मालकी कोणाकडे, खर्च कोणी किती केला, तो आधी कसा फेडायचा, आणि एखादा बँड सोडून गेला तर काय. खाली सगळ्यांच्या सह्या. बाहेरच्या कोणी व्हायोलिन किंवा ढोलकी वाजवली असेल तर त्याचं मानधन आणि संमती वेगळ्या कागदावर.

टक्के कसे ठरवायचे? दोन रस्ते आहेत. एकात जो जितकं करतो त्याला तितकं. उदाहरणार्थ शब्दांचे ५० टक्के एकाला, चालीचे ५० टक्के दोघांत. दुसऱ्यात सगळं सारखं. अमेरिकेतल्या अथेन्स या कॉलेजच्या गावातून आलेल्या आर.ई.एम. बँडनं गाण्यांचं श्रेय चौघांच्या नावे सारखं ठेवलं, आणि तो बँड १९८०पासून २०११पर्यंत चालला. नव्या बँडला मी दुसरा रस्ता सुचवेन. कोणाची रिफ जास्त महत्त्वाची यावर भांडण्यात जी ऊर्जा जाते ती वाचते.

कॉपीराइट नोंदणी सक्तीची नाही. गाणं तयार झालं की हक्क तयार होतो. नोंदणीचा फायदा वादात पुरावा म्हणून. शुल्क शब्दांसाठी आणि चालीसाठी प्रत्येकी ५०० रुपये, ध्वनिमुद्रणासाठी २,००० रुपये. परवडत नसेल तर निदान प्रोजेक्टच्या मूळ फायली तारखांसकट दोन ठिकाणी जपून ठेवा.

लेबलचा करार समोर आला तर कायद्यानं दिलेलं संरक्षण लक्षात ठेवा. २०१२च्या दुरुस्तीप्रमाणे गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क करारानं काढून घेता येत नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. पण ‘कायमस्वरूपी’ आणि ‘संपूर्ण जगभर’ असं लिहून त्यावर सही केलीत, तर मुदतीचं आणि प्रदेशाचं हे संरक्षण मिळत नाही. त्या दोन शब्दांवर बोट ठेवून विचारा. गीतकार-संगीतकारांनी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचं, म्हणजे आयपीआरएसचं सदस्यत्वही घ्यावं. १९६९पासूनची ही संस्था रेडिओ, कार्यक्रम, हॉटेलं, ऑनलाइन मंच यांच्याकडून रॉयल्टी गोळा करते. गाणं तिच्याकडे नोंदलेलं नसेल तर तुमचा वाटा तुमच्यापर्यंत येत नाही.

कवीचे शब्द घेताना

नागपूरच्या बँडला सुरेश भटांची गझल किंवा ग्रेस यांची कविता खुणावणारच. भारतात कवीच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क टिकतो. भट २००३मध्ये गेले, म्हणजे २०६३ संपेपर्यंत परवानगी लागणार. ग्रेस २०१२मध्ये गेले, म्हणजे २०७२ संपेपर्यंत. तुकडोजी महाराजांचं निर्वाण १९६८चं, म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या रचनांवरचा हक्क २०२८ संपेपर्यंत आहे. परवानगी वारसांकडून किंवा हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडून, आणि लेखी.

संत तुकारामांचे अभंग, केशवसुत, बालकवी, बहिणाबाई चौधरी यांचे शब्द मोकळे आहेत. पण फक्त शब्द. त्या शब्दांना अलीकडच्या संगीतकारानं दिलेली चाल मोकळी नसते. श्रीनिवास खळे २०११मध्ये गेले, त्यांच्या चालींवरचा हक्क २०७१ संपेपर्यंत आहे. तेव्हा अभंग घ्या, पण चाल स्वतःची करा. पहिलं सिंगल दुसऱ्याच्या गाण्याचं कव्हर असू नये, हे तर मी आग्रहानं सांगेन. कव्हर मंचावर शोभतं. पहिली ओळख आपल्या गाण्यानं व्हावी.

डिस्ट्रिब्युटर आणि माहितीचे रकाने

स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक, जिओसावन, ॲमेझॉन म्युझिक यांच्याकडे बँडनं सरळ गाणं देण्याची सोय सहसा नसते. मध्ये डिस्ट्रिब्युटर लागतो. डिस्ट्रोकिड, ट्यूनकोर, सीडी बेबी, राउटनोट ही त्यातली काही नावं. कोणी वर्षाची वर्गणी घेतं, कोणी गाण्यामागे एकदाच पैसे, कोणी कमाईतला हिस्सा. निवडताना तीन प्रश्न विचारा: वर्गणी थांबवली तर गाणं काढून टाकणार का? भारतीय बँक खात्यात पैसे कसे येणार, आणि किमान किती जमल्यावर? दुसऱ्याकडे जायचं झालं तर आयएसआरसी तोच ठेवता येईल का?

आयएसआरसी हा रेकॉर्डिंगचा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक. तो सहसा डिस्ट्रिब्युटरच देतो. एका रेकॉर्डिंगला एकच क्रमांक आयुष्यभर. तो बँडच्या वहीत लिहून ठेवा, कारण डिस्ट्रिब्युटर बदलताना नवा क्रमांक घेतला तर जमलेले स्ट्रीम हातचे जाण्याची भीती असते. अमेरिकी कंपनी असेल तर डब्ल्यू-८ बेन हा कराचा फॉर्म भरावा लागतो. तो भरताना पॅन हाताशी ठेवा.

कव्हर चौकोनी, ३००० बाय ३००० पिक्सेलचं. त्यावर फोन नंबर, वेबसाइट, किंमत, कंपन्यांची चिन्हं नकोत, नाहीतर गाणं परत येतं. कव्हरवरचं चित्र तुमचं किंवा परवानगी घेतलेलं असावं. गाण्याची फाइल डब्ल्यूएव्ही द्या, एमपी३ नको.

सगळ्यात जास्त चुका माहितीच्या रकान्यांत होतात. बँडचं नाव ठरवण्याआधी सगळ्या मंचांवर शोधा. त्याच नावाचा दुसरा बँड असेल तर तुमचं गाणं त्याच्या पानावर जाऊन बसतं. नावाचं रोमन लिखाण एकदाच ठरवा आणि प्रत्येक ठिकाणी तेच ठेवा, एका जागी दोन ए आणि दुसऱ्या जागी एक असं नको. भाषेच्या रकान्यात ‘मराठी’ निवडा. पुष्कळ जण घाईत हिंदी निवडतात आणि मराठी गाणी शोधणाऱ्याला ते गाणं दिसत नाही. गीतकार-संगीतकाराची खरी, पूर्ण नावं द्या, टोपणनावं नको. आणि गाण्याचे शब्द देवनागरीत, शुद्ध, जसे गायलेत तसेच द्या.

यूट्यूबच्या कंटेंट आयडीत (दुसऱ्यांच्या व्हिडिओत तुमचं गाणं ओळखणाऱ्या यंत्रणेत) गाणं टाकायचं असेल तर त्यात बाजारात मिळणारे तयार लूप वापरलेत का ते पाहा. तोच लूप वापरणाऱ्या दुसऱ्या कोणाच्या व्हिडिओवर तुमच्या नावे दावा लागेल आणि वाद अंगावर येईल.

तारीख: मागून पुढे मोजा

१० जुलै २०१५पासून जगभर नवी गाणी शुक्रवारी येतात. तुम्हीही शुक्रवार धरा, पण दिवाळीच्या आठवड्यातला नको. त्या गर्दीत लहान गाणं दिसत नाही. बारावीच्या परीक्षांचा काळही टाळा, तुमचे निम्मे श्रोते तिथेच असतील. शुक्रवार ठरला की मागे मोजा.

*८ आठवडे आधी:* मिक्स, मास्टर, कव्हर पूर्ण. कागदावर सह्या.

*५ आठवडे आधी:* डिस्ट्रिब्युटरकडे अपलोड. काही परत आलं तर दुरुस्तीला वेळ मिळतो.

*४ आठवडे आधी:* स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्समधून संपादकांना गाणं सुचवा. हे फक्त प्रसिद्ध न झालेल्या गाण्यालाच करता येतं. निदान ७ दिवस आधी केलं नाही तर तुम्हाला फॉलो करणाऱ्यांच्या रिलीज रडार या नव्या गाण्यांच्या प्लेलिस्टमध्येही गाणं जाण्याची खात्री राहत नाही.

*२ आठवडे आधी:* तारीख जाहीर. गाण्याचे १५ ते २० सेकंदांचे तीन वेगळे तुकडे तयार: एक कोरसचा, एक गाण्यामागच्या गोष्टीचा, एक वाजवतानाचा.

*शेवटचा आठवडा:* नवीन काही करू नका. फक्त आठवण द्या आणि शोची तयारी करा.

संपादकांना सुचवण्याच्या रकान्यात ५०० अक्षरांचीच जागा असते. ‘आमचं गाणं खूप वेगळं आहे, कृपया संधी द्या’ असं लिहून ती वाया घालवू नका. अशा धाटणीनं लिहा: ‘औष्णिक वीज केंद्राच्या गावात वाढलेल्या चौघांचं मराठी इंडी रॉक. गाणं रात्रपाळीवरून पहाटे घरी येणाऱ्या वडिलांबद्दल, शब्द नागपुरी बोलीत. ठेका खंजेरीचा, त्यावर दोन गिटार. रिलीजच्या दुसऱ्या दिवशी गावात कार्यक्रम, पुढच्या आठवड्यात व्हिडिओ.’ यात कोण, कशाबद्दल, कसं वाजतं आणि पुढे काय, हे चारही आहे. आणि स्तुतीचं एकही विशेषण लागलं नाही.

पहिला श्रोता गावातला

अनोळखी लाखाच्या मागे लागण्याआधी ओळखीचे दोनशे जमवा. रिलीजनंतरच्या शनिवारी खापरखेड्यातच कार्यक्रम करा. वसाहतीतलं गणेश मंडळ, १४ एप्रिलच्या जयंतीचा मंच, शाळेचं सभागृह, जे मिळेल ते. गाणं दोनदा वाजवा, सुरुवातीला आणि शेवटी. दाराशी क्यूआर कोडचा कागद लावा म्हणजे लोक तिथल्या तिथे गाणं आपल्या फोनमध्ये ठेवतील.

परवानगी मात्र आधी काढा. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. रहिवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, आणि रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या १०० मीटर परिसरात शांतता क्षेत्र. ज्या मुंबईत १९८६मध्ये इंडिपेंडन्स रॉक सुरू झालं, तिथलं रंगभवन हे रॉकचं लाडकं खुलं सभागृह याच शांतता क्षेत्राच्या नियमामुळे गप्प झालं. जे रंगभवनाचं झालं ते आपल्या मंडळाच्या मांडवाचंही होऊ शकतं. पोलीस ठाण्यात अर्ज द्या, पोच घ्या, आणि ठरल्या वेळेला आवाज बंद करा. पुढच्या वेळी परवानगी लवकर मिळते.

गावाबाहेर पाऊल टाकताना नागपूर हाताशी आहे. १९४८पासून चालत आलेलं आकाशवाणीचं नागपूर केंद्र, विश्वेश्वरय्या संस्थेचा आरोही महोत्सव, दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र, महाविद्यालयांची स्नेहसंमेलनं. वृत्तपत्रांच्या तालुका बातमीदाराला एका पानाचं टिपण, एक आडवा, स्पष्ट फोटो आणि गाण्याचा दुवा द्या. टिपणात बातमी हवी: कोणत्या गावची मुलं, काय केलं, कधी, कुठे ऐकता येईल. पुण्याचं एनएच७ वीकेंडर २०१०मध्ये सुरू झालं तेव्हापासून अशा महोत्सवांनी नव्या बँडना मंच दिले आहेत. पण आयोजक आधी विचारतात ते एवढंच: गाणं कुठे ऐकू, आणि तुमच्या शोला लोक येतात का? दोन्हींची उत्तरं तुमच्या गावातल्या कार्यक्रमाच्या व्हिडिओत असतील.

पैसा आणि फसवणूक

पहिल्या सिंगलमधून खर्च निघेल असं घरी सांगू नका. २०२४पासून स्पॉटिफायवर गाण्याला मागच्या १२ महिन्यांत किमान १,००० स्ट्रीम नसतील तर त्या रेकॉर्डिंगचे पैसेच मिळत नाहीत. कमाई कार्यक्रमांतून, टी-शर्टमधून, कधी एखाद्या लघुपटाला गाणं देण्यातून येते. सिंगल हे त्या सगळ्याचं दार आहे.

गाणं आलं की लगेच संदेश येतील: ‘अमुक रुपयांत ५० हजार स्ट्रीम’, ‘प्लेलिस्टमध्ये हमखास जागा’. हे आकडे यंत्रांनी फुगवलेले असतात. मंचांना ते कळतं, स्ट्रीम वजा होतात, दंड लागतो, कधी गाणंच काढलं जातं. घाम गाळून केलेलं गाणं अशा सौद्यात घालवू नका. तेच पैसे एका चांगल्या व्हिडिओला किंवा गाडीभाड्याला वापरा.

रिलीजनंतरचे चार आठवडे

शुक्रवारी रात्री काम संपत नाही. पहिल्या आठवड्यात आलेल्या प्रत्येक प्रतिक्रियेला उत्तर द्या, नावानं. दुसऱ्या आठवड्यात व्हिडिओ, तिसऱ्यात त्याच गाण्याचं साध्या गिटारवरचं रूप, चौथ्यात नागपुरात एक कार्यक्रम. स्पॉटिफाय आणि यूट्यूबवर कोणत्या शहरातून ऐकलं जातंय ते पाहा. छिंदवाडा किंवा अमरावतीतून आकडा दिसला तर पुढचा कार्यक्रम तिथे शोधा. गाणं किती जणांनी ऐकलं यापेक्षा किती जणांनी जपून ठेवलं आणि परत ऐकलं, त्याकडे लक्ष द्या. तोच खरा श्रोता.

महिन्याच्या शेवटी पुन्हा एका टेबलाभोवती बसा. खर्च, जमा, काय चाललं, काय नाही, सगळं वहीत लिहा. मग त्याच बैठकीत दुसऱ्या गाण्याचा शुक्रवार ठरवा, साधारण तीन महिन्यांनंतरचा, आणि कोण काय करणार ते नावासमोर लिहून टाका. कोळसा आणि विजेसाठी ओळखल्या जाणाऱ्या या पट्ट्यातून मराठी रॉकचं एक खणखणीत नाव पुढे यावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे. ती तारीख वहीत पडली की तुम्ही त्या वाटेला लागलात.